नगररचनेचे प्राध्यापक शिकवतात काय, संशोधन कशावर करतात? गोव्यातल्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आर्किटेक्चर आणि सिव्हिलची चौकशी घरोघरी होते. नगररचना म्हटलं की मात्र आपल्याकडे टीसीपीचं, म्हणजे नगरनियोजन खात्याचं कार्यालय, झोनिंगचा दाखला आणि पेपरातल्या भूरूपांतराच्या बातम्याच डोळ्यांसमोर येतात. हा विषय विद्यापीठात शिकवणारी माणसं असतात, ती दिवसभर काय करतात, त्यांच्या नावाखाली लिहिलेल्या ‘संशोधनाच्या आवडीं’चा अर्थ काय, असं विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील वरचेवर विचारतात. त्यांच्यासाठी हे पान.

नगररचनेचे प्राध्यापक मुळात कोण असतात? सगळे आर्किटेक्टच का?

नाही. एकाच विभागात आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनियर, भूगोलवाले, अर्थशास्त्री, समाजशास्त्री आणि एखादा वकील असे सगळे सापडतात. पहिल्यापासूनच हे असं आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर तो विभाग मालवणचे गो. स. घुर्ये यांनी सांभाळला आणि इरावती कर्वे घुर्यांच्याच विद्यार्थिनी.

गेडिसांचं नाव पहिल्या वर्षाला सगळीकडे घेतलं जातं, ते त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे. आधी गावातून पायी हिंडा, मग नकाशा, मग सल्ला, हा त्यांचा क्रम. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा म्हणून शंभर घरं पाडण्याला त्यांचा विरोध असे. पडकं तेवढं काढा, विहीर दुरुस्त करा, बोळात थोडी मोकळी जागा करा, असं ते सुचवत. होळकरांच्या इंदुरात प्लेगची भीती होती, तेव्हा त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्गच बदलला. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार, असं जाहीर झालं आणि लोकांनी चढाओढीने घरं-अंगणं साफ केली. संशोधन, अध्यापन आणि गावाचं काम यांत भिंत नको, हे यावरून विद्यार्थ्यांना लवकर समजतं.

वर्गात शिकवतात काय?

जमिनीचा वापर, वाहतूक, घरबांधणी, पाणी-सांडपाणी-कचरा, पर्यावरण, नगररचनेचे कायदे, पालिकांचा पैसा, संख्याशास्त्र आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडण्याची पद्धत. ही झाली पेपरांची नावं. विषयाचा कणा मात्र स्टुडिओ. तिथे पाठ्यपुस्तक नसतं. एक जागा दिली जाते आणि सत्रभर तिच्यामागे लागायचं असतं.

स्टुडिओत नेमकं होतं काय?

समजा जागा आहे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पहिल्या भेटीत मुलं इमारती मोजतात, दुकानांच्या रांगा काढतात आणि खुशीत परत येतात. मग सर किंवा मॅडम विचारतात: मयड्याची केळी घेऊन बसलेली ती बाई नकाशात कुठे आहे? ती दुकानात नाही, वाटेवर बसते. ती सोपो, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी भरते, म्हणजे पालिकेच्या हिशेबात आहे. पण तुमच्या नकाशात नाही. पहाटे ती कुठल्या बसने आली, टोपली कुणी उतरवून दिली, ऊन आलं की ती किती हात सरकते, दुपारी लघवीला कुठे जाते, सोपो घेणारा पावती देतो का, हे सगळं पुढच्या शुक्रवारी विचारून आणायचं. मग वाटेची रुंदी पुन्हा मोजायची: रिकामी किती आणि टोपल्या मांडल्यावर किती. सत्राच्या शेवटी जो आराखडा उभा राहतो त्यात बाईची जागा आखलेली असते, किंवा ती का आखता येत नाही याचं कारण तरी लिहिलेलं असतं. कारण न लिहिलेला आराखडा चांगला परीक्षक परत पाठवतो.

ज्या मुलांना माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्यांना स्टुडिओ जड जातो. सॉफ्टवेअर कितीही चांगलं येत असलं तरी.

गोवा एवढासा. त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न गोव्यातलेच लोक विचारतात, बाहेरचे नाही! बाहेरच्या अभ्यासकांना गोव्याचं एक कोडं कधीपासून खुणावतंय. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातले ६२ टक्के लोक शहरी. २००१ मध्ये हाच आकडा पन्नासच्या घरात होता. राज्यांच्या यादीत आपण सर्वांत वर. पण महापालिका एक आणि नगरपालिका १३. मग एवढी शहरी माणसं राहतात कुठे?

बरीचशी पंचायतीत. पाच हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. अशी जनगणनेपुरती शहरं २००१ मध्ये ३० होती, २०११ मध्ये ५६ झाली. ताळगाव, कळंगुट, पर्वरीचा परिसर ही नेहमीची उदाहरणं. तिथे सात मजली इमारती आहेत आणि त्यांचा कचरा, गटार, रस्त्यावरचा दिवा पाहायला सरपंच, सचिव आणि मोजके कर्मचारी. नगरपालिका व्हायला गावाचा विरोध असतो, कारण घरपट्टी वाढेल आणि ग्रामसभा जाईल ही भीती. ती अगदीच खोटीही नाही. ग्रामसभेत उभं राहून बिल्डरला अडवता येतं, पालिकेच्या बैठकीत सामान्य माणसाला बोलताच येत नाही.

इथे शहरनियोजन, राज्यशास्त्र आणि पालिकेचं अर्थकारण एकमेकांत अडकलेलं आहे. एखाद्या प्राध्यापकाने ‘शहर-खेड्याची सीमा’ किंवा ‘जनगणना शहरं’ असं लिहिलं असेल तर त्यांचं काम आपल्या दारातलं आहे असं समजा, मग त्यांचं विद्यापीठ कुठेही असो.

पर्यावरणीय नियोजन शिकवणारे झाडं लावण्याबद्दल शिकवतात का?

पाण्याबद्दल जास्त. गोव्यात तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

खाजन जमीन घ्या. भरतीच्या पातळीखालची शेतं, बाहेर बांद, बांदाला मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी दारं. ओहोटीला मानशीची दारं उघडून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला खाऱ्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात. आत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात, मानशीवर मासळी, कुठे मिठागर. हे सगळं टिकवायचं काम पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे होतं. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ मधली पाचवी दुरुस्ती आल्यावर कसणाऱ्याला जमीन मिळाली, जे न्यायाचंच झालं, आणि बांदाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पुढे शेती सुटत गेली तसा बांद कुणाचाच राहिला नाही. एकदा फुटला की खारं पाणी आत, दोन-चार वर्षांत खारफुटी, आणि खारफुटी उभी राहिली की सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी जपण्याचे नियम लागू. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावर पुन्हा शेती करणं अवघड.

याचा अभ्यास एकटा पर्यावरणवाला करू शकत नाही. जमिनीचा इतिहास, कूळ कायदा, भरतीची गणितं आणि समुद्राची वाढती पातळी, चारही लागतात. पणजीभोवतीची मेरशी, सांताक्रूझ, ताळगावची सखल जमीन भरून तिच्यावर बांधकाम झालं तर पावसाचं पाणी कुठे जाणार, हा शहराचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर खाजनात आहे. माझ्या मते गोव्यातल्या कुठल्याही नगररचना अभ्यासक्रमाचा पहिला स्टुडिओ बांदावर व्हायला हवा, पणजीच्या नकाशावर नव्हे.

सड्यांचं आणि डोंगरउतारांचंही तसंच. ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ या राज्याच्या जमीनवापराच्या आराखड्यात २५ टक्क्यांहून जास्त चढाच्या जमिनी बांधकामाबाहेर ठेवल्या, आणि डोंगरकापणीवर नगरनियोजन कायद्यातलं १७अ कलम आहे. उतार मोजायचा कसा, कुठल्या नकाशावरून आणि किती अंतरात, यावर तो टक्का बदलतो. हे प्रत्यक्ष मोजून दाखवणारा शिक्षक मिळाला तर सोडू नका.

वाहतुकीवाले काय करतात?

गाड्या मोजतात, असा समज आहे. मोजतातच, पण गोव्यात त्याहून मजेशीर प्रश्न आहेत. मोटरसायकलचे पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने नेणारे आधी की रिक्षा आधी? खासगी बस संध्याकाळी सातनंतर का गायब होते आणि त्यामुळे फोंड्याहून पणजीला कामाला येणाऱ्या मुलीला दुचाकी घ्यावीच लागते का? कदंब, म्हणजे सरकारी बससेवा, तोट्यात कुठल्या मार्गांवर आहे आणि ते मार्ग बंद केले तर कुणाचं अडतं? रायबंदर-चोडण फेरीबोट ही वाहतूक आहे की गावाची सोय? जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यातल्या जमिनींचं काय होतंय, हाही वाहतुकीचाच विषय, कारण रस्ता येण्याच्या नुसत्या बातमीनेही जमिनीचा भाव हलतो.

आणि घरबांधणी?

स्वस्त घरांच्या योजना एवढ्यापुरता तो विषय नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं पाचांतलं साधारण एक घर रिकामं होतं. त्याच राज्यात कामाला आलेली माणसं एका खोलीत सात-आठ राहतात. दुसरीकडे १९७५ चा मुंडकार कायदा असूनही मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, ते घर नावावर व्हायला पिढ्या जातात. हौशी दुसरं घर, मजुराची खोली आणि मुंडकाराचं घर हे तीन प्रश्न एकाच विषयात येतात. शिकवणारा त्यांपैकी कशावर बोट ठेवतो, यावरून त्याचा कल समजतो.

वारसा जपण्याचा अभ्यास म्हणजे पणजीतली फोंतेन्हासची जुनी वस्तीच ना?

फोटो तिथलेच काढले जातात, म्हणून तसं वाटतं. नव्या काबिजादीकडे, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या तालुक्यांकडे कुणी फारसं वळत नाही. सोळाव्या शतकात साष्टी-तिसवाडीकडून देव अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे देऊळ, तळी, अग्रशाळा, सेवेकऱ्यांची घरं अशी वसाहतच उभी राहिली. आज तिथे बसगाड्यांचं पार्किंग आणि लॉज आहेत. या वसाहतींची रचना कशी बसवली गेली, तळीत पाणी कुठल्या डोंगरातून येतं, हा नगररचनेचा फर्स्टक्लास विषय आहे. मराठी येणाऱ्या विद्यार्थ्याला इथे आयती सोय आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद आहेत तसे मोडी कागदही आहेत. दिल्ली-अहमदाबादच्या संशोधकाला त्यासाठी दुभाषी लागतो. मोडी शिकलात तर तुम्हाला लागणार नाही.

१६ब, १७(२), ३९अ हे वर्गात शिकवतात का? की ते राजकारण?

शिकवायलाच हवं. १९७४ चा नगरनियोजन कायदा, त्यात २०१८ मध्ये आलेलं १६ब, २०२३ चं १७(२), २०२४ चं ३९अ ही कलमं म्हणजे एकाच भांडणाचे टप्पे आहेत: आराखडा झाल्यावर एकेका सर्व्हे नंबराचा झोन बदलता यावा का, आणि कुणाच्या सहीने? १७(२) खालचे नियम २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले.

त्याआधीचा प्रसंग तर लोकसहभागाच्या प्रत्येक वर्गात सांगण्यासारखा आहे. प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला, लोक रस्त्यावर उतरले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग चार्ल्स कोरिया यांच्यासारखा वास्तुविशारद ज्यात होता असं कृती दल नेमून २०२१ चा आराखडा झाला आणि मसुदे गावोगाव पाठवले गेले. ग्रामसभेत पसरलेला नकाशा, त्यावर वाकलेले लोक आणि ‘आमचं शेत सेटलमेंट (बांधकामाचा झोन) कसं झालं?’ हा प्रश्न. याहून चांगला धडा पुस्तकात मिळत नाही. कायद्याचा मास्तर एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), सर्व्हे प्लॅन आणि आराखड्याचा नकाशा हे तीन कागद एकावर एक ठेवून वाचायला शिकवत नसेल, तर तो कायदा शिकवत नाही, कलमं पाठ करून घेतो.

प्राध्यापकांच्या नावाखाली ‘शाश्वत विकास, स्मार्ट शहरे, जीआयएस’ असं असतं. यातून काय समजायचं?

काहीही नाही. हे शब्द सगळेच लिहितात. २०१६ मध्ये पणजी स्मार्ट सिटीच्या यादीत आली तेव्हापासून तर ‘स्मार्ट’ न लिहिणारा विरळा. आवडीची यादी सोडा आणि तीन गोष्टी शोधा. त्यांच्या हाताखाली झालेल्या प्रबंधांची नावं: त्यांत गावाचं, नदीचं, बाजाराचं नाव आहे का? माहिती कुठून आली: उपग्रहाच्या चित्रांवरून, सरकारी आकड्यांवरून की दारोदार फिरून? आणि तिसरं, त्यांनी एकाच जागेवर पुन्हापुन्हा काम केलंय की दर वर्षी नवा विषय?

जो माणूस वर्षानुवर्षं एकाच खाडीवर किंवा एकाच बाजारावर लिहितो, त्याच्याकडे विषयाची खोली असते. तुमचा विषय वेगळा असला तरी पद्धत त्याच्याकडून शिकता येते. कॉलेजचं नाव पाहून प्रवेश घेणारे पुष्कळ. मार्गदर्शकाला पडलेला प्रश्न पाहून घेणारे थोडे, आणि पुढे त्यांचंच बरं चालतं असं मी पाहत आले आहे.

जीआयएसबद्दल एक सांगते. ते साधन आहे, विषय नव्हे. ‘जीआयएसवर संशोधन’ असं म्हणणाऱ्याला विचारा: जीआयएस वापरून काय शोधलंत?

हे शिकायला गोव्याबाहेर जावं लागतं का?

पणजीत आल्तिनोवर १९८२ पासून आर्किटेक्चर कॉलेज आहे आणि पुष्कळांची सुरुवात तिथून होते. नगररचनेच्या पदवीसाठी बहुतेक मुलं पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, अहमदाबादचं सेप्ट किंवा दिल्ली-भोपाळची एसपीए गाठतात. बी.प्लॅन चार वर्षांचं. जेईई मेनचा त्यासाठी वेगळा पेपर असतो आणि बारावीला गणित लागतं. एम.प्लॅन दोन वर्षांचं. त्याला आर्किटेक्ट आणि सिव्हिलवाल्यांबरोबर अनेक ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचे एम.ए.ही चालतात. कला शाखेच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

आर्किटेक्चर करू की प्लॅनिंग?

एक इमारत मनात घोळत असेल तर आर्किटेक्चर. इमारतीसमोरचा रस्ता तुंबतो का, हे आधी दिसत असेल तर प्लॅनिंग.

प्राध्यापकांना संशोधनाला वेळ मिळतो का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वरच्या दोन पदांना १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. स्टुडिओचे तास कागदावर संपतात, प्रत्यक्षात नाहीत. त्यात प्रवेश, परीक्षा, नॅकची तपासणी. म्हणून पुष्कळ जण स्टुडिओ आणि संशोधनाची जागा एकच ठेवतात. विद्यार्थ्यांनी गोळा केलेली माहिती सरांच्या निबंधात जाते. नाव दिलं तर गैर काही नाही. नाव देतात का, हे आधीच्या मुलांना विचारून घ्या.

पीएचडी करायची आहे. मार्गदर्शकाकडे जागा असते का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. कमीत कमी तीन वर्षं लागतात. नावाजलेल्या माणसाच्या जागा भरलेल्या असतात. नुकतीच पीएचडी झालेल्या सहायक प्राध्यापकाकडे वेळही असतो आणि उमेदही.

नोकरी मिळते का हो?

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की राज्यांच्या नगररचना खात्यांत नियोजनकारांची १२ हजारांहून जास्त पदं हवीत. मंजूर होती ३,९४५ आणि त्यांतली ४२ टक्के रिकामी. म्हणजे गरज भरपूर, जाहिरात कमी. सरकारी जागेची वाट पाहत बसलात तर वय निघून जाईल. सल्लागार कंपन्या, वाहतुकीचे अभ्यास, बँकांचे आणि पाणी-सांडपाण्याचे प्रकल्प, स्वयंसेवी संस्था इथे काम मिळतं, पण बहुतेक वेळा गोव्याबाहेर.

हेच प्राध्यापक सरकारचे आणि बिल्डरांचे सल्लागार असतात. मग त्यांच्या संशोधनावर विश्वास कसा ठेवायचा?

सल्ला देणं वाईट नाही. शिकवणाऱ्याने कधी खरा आराखडा केलाच नसेल तर तो शिकवणार काय? घोडं पेंड खातं ते पैसा कुणाचा हे लपवण्यात. निबंधाच्या शेवटी निधी कुणी दिला ते लिहिलेलं असतं, तेवढं आधी वाचा. प्रकल्पाचा अहवाल आणि त्याच माणसाचा नियतकालिकातला निबंध शेजारी ठेवले तर पुष्कळदा दोन वेगळे सूर ऐकू येतात.

आमच्या गावाच्या प्रश्नावर कुणी प्राध्यापक काम करतील का? पंचायतीने विचारलं तर?

करतात. स्टुडिओला दर वर्षी नवी जागा हवीच असते. सत्र सुरू व्हायच्या दोन महिने आधी, म्हणजे जूनच्या सत्रासाठी एप्रिलमध्ये, पंचायतीच्या कागदावर पत्र पाठवा. ‘आमच्या गावाचा विकास आराखडा करून द्या’ असं लिहू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. एकच प्रश्न लिहा: अमुक बांद फुटल्यापासून अमुक वाड्यावर पाणी चढतं, किंवा तिठ्यावरच्या बाजारामुळे शाळेची बस अडकते. सोबत सर्व्हे प्लॅन, ग्रामसभेचा ठराव आणि मुलांच्या राहण्याची सोय काय करू शकता ते लिहा. ही शेवटची ओळ वाचूनच निम्मे प्राध्यापक होकार देतात. चाळीस मुलांना पर्यटनाच्या हंगामात गोव्यात ठेवणं कुठल्याही विभागाला परवडत नाही.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, विभागप्रमुखांना नव्हे, तर ज्यांचं नाव तुम्ही निवडलंत त्यांनाच.